विश्रांती मागावी लागू नये

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक.

विषय : निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास आणि त्यांच्या स्वतःकडूनच्या अपेक्षा



महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्यांत एक गट वाढतो आहे, तो आपल्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत एमडी, एमएस करणाऱ्या तरुण निवासी डॉक्टरांचा. त्यांच्या स्वतःच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, पण तिथे ते जात नाहीत. रात्रीची बस पकडून, जिथे आपल्याला कोणी ओळखणार नाही अशा गावी येतात. केसपेपरवर नावाआधी ‘डॉ.’ लिहू नका, असे सांगतात. घरी फोन जाणार नाही ना, याची दोनदा खात्री करून घेतात. काय त्रास होतो, असे विचारल्यावर ‘काम फार आहे’ असे त्यांच्यातला क्वचितच कोणी म्हणतो. बहुतेक जण म्हणतात, ‘सर, मी कमी पडतोय.’ मुली म्हणतात, ‘बाकी सगळ्यांना जमतंय, मलाच जमत नाहीये.’

हे पत्र त्या ‘कमी पडण्या’विषयी आहे. आपल्याला लिहितो आहे, कारण या मुलांची महाविद्यालये आपण संलग्न करता, त्यांच्या मार्गदर्शकांना मान्यता आपण देता, त्यांचे प्रबंध आपण स्वीकारता आणि त्यांची परीक्षाही आपणच घेता. त्यांच्या कामाच्या तासांबद्दल देशात नियम नाहीत असे नाही. नियम पाळले जातात की नाही हे पाहणारे कोणी नाही. ते पाहणे आपल्या हातात आहे. आणि पत्र खुले ठेवले आहे, कारण विभागप्रमुखांनी, या मुलांच्या आईवडिलांनी आणि खुद्द या मुलांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

‘मी कमी पडतोय’ असे कामचुकार विद्यार्थी म्हणत नाही. म्हणतो तो दहावीला शाळेत पहिला आलेला, अकरावी-बारावीला लातूरला खोली घेऊन राहिलेला, चौकातल्या फ्लेक्सवर ज्याचा हार घातलेला फोटो लागला तो मुलगा. ‘नीट’ला दरवर्षी वीस लाखांहून अधिक मुले बसतात. त्यातून तो एमबीबीएसला आला. पुढे पदव्युत्तर ‘नीट’ला दोन लाखांहून अधिक डॉक्टर बसतात, त्यातून त्याने हव्या त्या शाखेची जागा मिळवली. या सगळ्या प्रवासात एक गोष्ट त्याला कधी फसवून गेली नाही. गुण कमी पडले की अभ्यासाचे दोन तास वाढवायचे, गुण वाढतात. चाचणी वाईट गेली की झोप तासाभराने कमी करायची, पुढची चाचणी चांगली जाते. वयाच्या पंधराव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंत हा हिशेब बरोबर येत राहिला, म्हणून त्याच्या मनात तो पक्का बसला. अडचण कोणतीही असो, त्याच्याकडे उत्तर एकच असते : आणखी थोडे.

वॉर्डात हा हिशेब पहिल्यांदा चुकतो. खाटा भरलेल्या असतात आणि दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकून आणखी रुग्ण ठेवलेले असतात. खासगी रुग्णालयात पैसे संपल्यावर हलवलेला, जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला रुग्ण मध्यरात्री येतो. मुलगा येते ते सगळे करतो आणि पहाटे रुग्ण दगावतो. अनुभवी डॉक्टरला माहीत असते की हा रुग्ण आला तेव्हाच हाताबाहेर गेला होता. आयुष्यभर पहिल्या आलेल्या मुलाला ते माहीत नसते. तो आपल्या जुन्या हिशेबाने विचार करतो : मी आणखी थोडे केले असते तर. पुढच्या इमर्जन्सीला तो जेवायला जात नाही. त्याच्या पुढच्या इमर्जन्सीनंतर तो होस्टेलवर जाण्याऐवजी वॉर्डातच थांबतो. जितका थकतो तितका मंदावतो, जितका मंदावतो तितका स्वतःला दोष देतो, आणि त्या दोषाची भरपाई म्हणून आणखी काम अंगावर घेतो.

वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी त्याच्या आठवड्याचे स्वरूप सांगतो. मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग किंवा अस्थिरोगाच्या युनिटचा इमर्जन्सीचा दिवस सकाळी आठ-नऊला सुरू होतो. त्या दिवशी कॅज्युअल्टीतून येणारा त्या शाखेचा प्रत्येक रुग्ण त्या युनिटचा. रात्र त्यातच जाते. सकाळी सॅम्पल काढायची, रिपोर्ट गोळा करायचे, राऊंडची तयारी करायची. राऊंड झाला की त्यात निघालेली कामे करायची. ती संपेपर्यंत संध्याकाळ होते. म्हणजे सलग तीस ते छत्तीस तास. बाकीच्या दिवशी ओपीडी, ऑपरेशन थिएटर, सेमिनार, जर्नल क्लब आणि प्रबंध. यातला सगळ्यात मोठा भार पहिल्या वर्षाच्या जेआर-वनवर असतो. शिकायला सर्वाधिक वेळ त्याला हवा असतो आणि तो सर्वांत कमी त्यालाच मिळतो.

अमेरिकेतले मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यांत काम करणाऱ्या स्वयंसेवकांविषयी लिहिताना बर्नआउटचे वर्णन केले. ते स्वतः दिवसभर आपला व्यवसाय करून रात्री अशा दवाखान्यात काम करत आणि त्याच अवस्थेतून गेले होते. त्यांच्या निरीक्षणातली महत्त्वाची गोष्ट अशी, की ही अवस्था निष्ठेने, झोकून देऊन काम करणाऱ्यांना गाठते. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तिची तीन अंगे वेगळी करून दाखवली. पहिले अंग म्हणजे विश्रांतीनेही न भरून येणारा थकवा. दुसरे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याबद्दल येणारा कोरडेपणा. तिसरे, आपल्या हातून काही होत नाही ही भावना. माझ्यासमोर बसलेला मुलगा ही तिन्ही अंगे एकाच श्वासात सांगतो. ‘झोपून उठलो तरी बरं वाटत नाही. पेशंटचं नाव आठवत नाही, नुसता बेड नंबर आठवतो. मी या फिल्डच्या लायकीचा नाही.’ दुसऱ्या वाक्याची त्याला सर्वांत जास्त लाज वाटते, कारण माणसांविषयी काही वाटत होते म्हणूनच तो डॉक्टर झालेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली. ती घेताना स्पष्ट केले, की हा आजार नव्हे. कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी ही अवस्था आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून मला हे फार महत्त्वाचे वाटते. नैराश्यावर मी औषध देऊ शकतो, निद्रानाशावर देऊ शकतो. छत्तीस तासांच्या ड्युटीवर माझ्याकडे औषध नाही. महाविद्यालये योगाचे वर्ग घेतात, तणावमुक्तीवर व्याख्याने ठेवतात. हेतू चांगला असतो. पण रात्रभर जागलेल्या मुलाला दुपारच्या व्याख्यानाला बसवले, तर त्याच्या झोपेचा आणखी एक तास गेला आणि दुरुस्त व्हायचे आहे ते त्याचे मनच, हा त्याचा समजही पक्का झाला.

झोप न झालेल्या शरीराला निष्ठा कळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सलग जागे राहिलेल्या माणसांचा हात आणि डोळे यांचा मेळ त्यांनी मोजला आणि मद्य घेतलेल्या माणसांशी ताडून पाहिला. सतरा तास जागे राहिल्यावर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, चोवीस तासांनंतर सुमारे ०.१० टक्के असल्यासारखी. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा आहे १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. इमर्जन्सीची रात्र काढलेला निवासी डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी, या हिशेबाने, गाडी चालवायलाही योग्य नसतो. आणि आपण त्याला बाळाच्या शिरेत सुई लावायला सांगतो, इन्सुलिनचे युनिट मोजायला सांगतो, टाके घालायला सांगतो.

बोस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत लँड्रिगन आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष मोजले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, जुन्या पद्धतीच्या लांब ड्युट्या करणाऱ्या इंटर्नच्या हातून, ड्युट्या आखडून घेतलेल्या इंटर्नच्या तुलनेत, सुमारे ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्या. सगळे हुशार होते, एकाच रुग्णालयात शिकत होते. ड्युटीचे वेळापत्रक तेवढे वेगळे होते.

ही पद्धत आली कुठून? रुग्णालयातच राहून, सदैव हजर असणाऱ्या शिकाऊ डॉक्टरची कल्पना बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रुजली. ते १८८९ साली सुरू झाले. तिथले सर्जन विल्यम हाल्स्टेड यांनी शल्यचिकित्सेचे निवासी प्रशिक्षण घडवले. त्यांचे शस्त्रक्रियेला दिलेले योगदान मोठे आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण १८८४ नंतर भूल देण्यासाठी कोकेनवर प्रयोग करताना त्यांना त्याचे व्यसन लागले, त्यावर उपचार म्हणून मॉर्फिन दिले गेले, आणि मॉर्फिन त्यांना पुढेही सुटले नाही. ज्यांच्या काळापासून न थकणारा डॉक्टर आदर्श मानला गेला, त्यांनाही ते ओझे स्वतःच्या बळावर पेलता आले नव्हते. तो आदर्श मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुढे आला आणि आज आमच्या जिल्ह्यांतून आलेली मुले स्वतःला त्याच मापाने मोजतात.

हा आदर्श प्रश्नांकित व्हायला एक मृत्यू घडावा लागला. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत गेली. तिची जबाबदारी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या, लांब ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांवर होती. मृत्यूचे नेमके कारण वादाचे राहिले. पण पत्रकार असलेल्या तिच्या वडिलांनी, सिडनी झायन यांनी, पाठपुरावा सोडला नाही. चौकशी करणाऱ्या ग्रँड ज्युरीने डॉक्टरांवर फौजदारी खटला उभा केला नाही, दोष दाखवला तो व्यवस्थेत. १९८९ साली न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची आणि सलग २४ तासांची मर्यादा घातली. २००३ साली आठवड्याला ८० तासांची मर्यादा संपूर्ण अमेरिकेतल्या निवासी प्रशिक्षणाला लागू झाली. युरोपीय संघात शिकाऊ डॉक्टरांसाठी सरासरी ४८ तासांची मर्यादा २००९ पर्यंत टप्प्याटप्प्याने आली.

संपूर्ण अमेरिकेत आणि युरोपात मर्यादा येण्याआधीच आपल्याकडे आकडा आला होता. १९९२ सालच्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्युटी साधारणतः १२ तासांपेक्षा जास्त नसावी, आठवड्याला सामान्यतः ४८ तास काम असावे आणि पाळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी असे म्हटले होते. तेव्हा जन्मलेली मुले एव्हाना सहायक प्राध्यापक व्हायला लागली, नियम मात्र कागदावरच राहिला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत ‘वाजवी तास’ आणि ‘वाजवी विश्रांती’ असे शब्द आहेत, आकडा नाही. मग २०२४ साली आयोगाच्याच राष्ट्रीय कृती दलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यासाठी पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ऑनलाइन प्रश्नावली भरली होती. त्यांतले सुमारे ४५ टक्के आठवड्याला ६० तासांहून अधिक काम करत होते, निम्म्याहून अधिक जणांना साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती आणि सुमारे ३१ टक्के जणांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. कृती दलाने शिफारस केली : आठवड्याला कमाल ७४ तास, एक दिवस सुट्टी, रोज सात-आठ तास झोप. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात लांब ड्युटीत सेमिनार रूममध्ये विसावलेल्या तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. विश्रांतीसाठी तिला सुरक्षित खोली नव्हती, हे सगळ्या देशाने पाहिले.

महोदय, एवढे सगळे असताना तास कमी का होत नाहीत? रुग्ण जास्त आणि जागा रिक्त, हे कारण खरे आहे. पण त्याच्या खाली आणखी एक कारण आहे आणि ते माझ्या खोलीत रोज दिसते. आपल्याकडे विश्रांती ही मागायची गोष्ट आहे. मागेल त्याला मिळेल, असे विभागप्रमुख प्रामाणिकपणे सांगतात. ‘आमच्याकडे कधी कोणी तक्रार केली नाही,’ हेही खरे असते. मागायचे कोणाकडे, तर जो प्रबंधावर सही करणार आहे, परीक्षेआधी अर्ज पुढे पाठवणार आहे आणि उद्या शिफारसपत्र देणार आहे त्याच्याकडेच. आणि मागायचे कोणी, तर ज्याने आयुष्यात कधी ‘मला जमत नाही’ म्हटलेले नाही त्याने. आपण सुट्टी घेतली तर आपली ड्युटी आपल्या सहकाऱ्यावर पडेल, तोही आपल्याइतकाच थकलेला आहे, हे त्याला ठाऊक असते. म्हणून जो सर्वांत चांगला, सर्वांत जबाबदार, सर्वांत कळवळ्याचा, तो सर्वांत शेवटी मागतो आणि कित्येकदा मागतच नाही. आपली व्यवस्था नेमक्या त्याच मुलाला आधी मोडते.

विमानाच्या वैमानिकाला कोणी हे मागायला लावत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ साली नियम बदलून वैमानिकांची सलग साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. तास भरले की वैमानिक कितीही कर्तबगार असो, कितीही उत्साही असो, त्याने उड्डाण करायचे नसते. त्याच्या धैर्याचा तिथे प्रश्नच येत नाही. प्रवाशांचा जीव त्याच्या सहनशक्तीच्या भरवशावर ठेवायचा नाही, असे आपण ठरवलेले आहे. वॉर्डातल्या रुग्णाच्या बाबतीत आपण असे ठरवलेले नाही.

ज्येष्ठ शिक्षकांचे आक्षेप मी आदराने ऐकतो. ‘आम्ही याहून जास्त केले,’ असे ते म्हणतात. केले, आणि त्यातून उत्तम डॉक्टर घडले. पण त्या पिढीतल्या ज्यांनी जागा सोडल्या, जे व्यसनात गेले, जे गेलेच, ते आज हे सांगायला विभागप्रमुखांच्या खुर्चीत बसलेले नाहीत. ‘तास कमी केले तर मुले शिकणार कधी?’ हा दुसरा प्रश्न. तो रास्त आहे, आणि म्हणूनच त्यांचे तास कुठे जातात ते पाहू या. सॅम्पल घेऊन प्रयोगशाळेत धावणे, रिपोर्ट आणणे, एक्स-रेसाठी ट्रॉली ढकलणे, रक्तपेढीत रांग लावणे, जनआरोग्य योजनेची कागदपत्रे अपलोड करणे. यात वैद्यकशास्त्र किती? तंत्रज्ञ, लिपिक आणि परिचर यांच्या रिकाम्या जागा निवासी डॉक्टरच्या झोपेतून भरल्या जात आहेत. ही कामे काढून घेतली तर शिकण्याचा एक तासही कमी न करता त्याची ड्युटी पुष्कळ आखडता येईल.

तिसरा आक्षेप अभ्यासू शिक्षक घेतात : ड्युटी लहान झाली की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि त्यात माहिती गळते. हे खरे आहे. अमेरिकेत २०१६ आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत, सलग ड्युटीची मर्यादा सैल केल्याने रुग्णांचे मृत्यू वाढले नाहीत, असेही दिसले. मात्र त्या दोन्ही अभ्यासांत आठवड्याची ८० तासांची सरासरी मर्यादा कायम होती, हे विसरता येणार नाही. आणि रुग्ण सोपवताना होणारी गळती थांबवता येते. ठरावीक क्रमाने, लेखी आणि तोंडी रुग्ण सोपवण्याची पद्धत नऊ रुग्णालयांतल्या बालरोग विभागांत शिकवली गेली, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. तो अभ्यास २०१४ सालचा आहे. रुग्ण नीट सोपवणे हे शिकवण्यासारखे कौशल्य आहे. छत्तीस तास जागे राहणे हे कौशल्य नाही.

आपल्याकडे माझ्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक विद्यापीठाच्या कक्षेतल्या आहेत.

पहिली मागणी, तास मोजा. शिक्षकांची हजेरी आता आधारशी जोडलेल्या यंत्रणेवर लागते. निवासी डॉक्टर वॉर्डात किती वाजता आला आणि किती वाजता बाहेर पडला, याची तशीच नोंद विद्यापीठाकडे थेट यावी, विभागामार्फत नव्हे. दर तीन महिन्यांनी प्रत्येक विभागाचे सरासरी तास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाहीर व्हावेत. प्रवेश घेणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना ते पाहता आले पाहिजेत.

दुसरी, थांबण्याचा निर्णय मुलावर सोडू नका. १२ तासांची मर्यादा उद्या सकाळी पाळता येणार नाही, हे मी जाणतो. पण सलग २४ तास भरल्यावर रुग्णाची नवी जबाबदारी, शस्त्रक्रिया किंवा प्रक्रिया त्याच्याकडे द्यायची नाही आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस त्याला रुग्णालयात येऊ द्यायचे नाही, एवढे वेळापत्रकातच पक्के करता येते. त्याला राहायचे असले तरी पाठवून द्यायचे. शिक्षा म्हणून जादा ड्युटी देण्याची प्रथा लेखी आदेशाने बंद करा.

तिसरी, याला परिणाम जोडा. स्थानिक चौकशी समिती संलग्नतेसाठी येते तेव्हा खाटा, ग्रंथ आणि उपकरणे मोजते. तिने निवासी डॉक्टरांशी विभागप्रमुखांच्या अनुपस्थितीत बोलावे आणि तासांच्या नोंदी तपासाव्यात. ज्या विभागात मर्यादा वारंवार मोडली जाते, तिथल्या मार्गदर्शकांना नवे विद्यार्थी देण्याआधी विद्यापीठाने फेरविचार करावा.

चौथी, सही आणि सुट्टी वेगळी करा. प्रबंधावर सही करणाऱ्याच्या हाती रजा मंजूर करण्याचा एकट्याचा अधिकार नसावा. मानसिक आरोग्यासाठी मदत घेणाऱ्या मुलाची नोंद महाविद्यालयाबाहेर राहावी. विद्यापीठाने विभागवार, महाविद्यालयांशी संबंध नसलेले समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ नेमावेत, म्हणजे मुलांना नाव लपवून माझ्यासारख्याच्या दारात यावे लागणार नाही. माझ्यासारखे कितीतरी जण या कामासाठी मानधनाशिवाय वेळ देतील.

पाचवी, सोडण्याची वाट बंद ठेवू नका. जागा मध्येच सोडणाऱ्यांवर लादलेले मोठ्या रकमेचे बंधपत्र रद्द करावे, असे आयोगाने २०२४ साली राज्यांना सुचवले आहे. ज्याला बाहेर पडता येत नाही असे वाटते, त्याचा धोका किती वाढतो हे माझ्या विषयातला कोणीही सांगेल. विद्यापीठाने शासनाकडे या सूचनेचा आग्रह धरावा.

विभागप्रमुखांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या एका वाक्याला या मुलांच्या आयुष्यात किती वजन असते, याची कल्पना कदाचित आपल्याला नाही. ‘हा मुलगा तीन दिवस घरी गेला नाही’ असे आपण राऊंडमध्ये कौतुकाने म्हणता, तेव्हा उरलेली दहा मुले घरी जायचे नाही हे शिकतात. त्याऐवजी नीट रुग्ण सोपवून वेळेवर झोपायला गेलेल्या मुलाचे कौतुक करा. एका महिन्यात वॉर्डाची रीत बदललेली दिसेल.

आईवडिलांना सांगायचे ते असे. तुमचा मुलगा किंवा मुलगी फोनवर ‘सगळं ठीक आहे’ म्हणते, तेव्हा पुढचा प्रश्न ‘जेवलीस का’ एवढाच नको, ‘शेवटची सलग सहा तास झोप कधी झाली’ हाही विचारा. लागलेले पैसे, गावातली प्रतिष्ठा, जमलेले किंवा जमवायचे लग्न, यांतले काही तिच्यापुढे मांडण्याआधी हे विचारा. आणि ती ‘मला हे सोडायचंय’ म्हणाली तर त्या वाक्याशी वाद घालू नका. पहिल्या गाडीने तिच्याकडे जा.

आणि हे वाचणाऱ्या निवासी डॉक्टर मित्रांनो, मैत्रिणींनो. तुमच्या हातून रुग्ण सुटतात, कारण आजार बलवान असतो, रुग्ण उशिरा येतो, खाट नसते, औषध नसते. कधी चूकही होते आणि ती समजून घ्यायला वरिष्ठ असतात. हे सगळे तुमच्या एकट्याच्या जागरणाने भरून निघणारे नाही, आणि ते भरून काढणे हे तुमचे कामही नाही. थकलेल्या रुग्णाला तुम्ही जे सांगाल ते स्वतःला सांगा. मन काळोखाकडे जात असेल तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. त्याच रात्री एका माणसाला, मित्राला, बहिणीला, कोणालाही, खरे काय ते सांगा. मदत मागितल्याने कोणाची पदवी गेलेली मी पाहिलेली नाही.

महोदय, या मुलांनी स्वतःकडून फार अपेक्षा ठेवल्या म्हणूनच ती इथवर आली. त्या अपेक्षा कमी करा, असे मी त्यांना सांगणार नाही. समाजाला असेच डॉक्टर हवे आहेत. पण जो स्वतःसाठी मर्यादा आखू शकत नाही, त्याच्यासाठी ती संस्थेने आखायची असते, आणि संस्थेने आखली नाही तर विद्यापीठाने. १९९२ पासून ही जबाबदारी आपण पंचविशीतल्या, झोप न झालेल्या मुलांवर टाकली आहे. ती त्यांच्याकडून काढून घ्या. येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवसापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक निवासी डॉक्टरचे तास मोजले जातील, एवढा एक आदेश आपण काढावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
महाराष्ट्रातील एक मानसोपचारतज्ज्ञ